आरसे पुसणारे तात्या

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस नीट कळलेला असावा लागतो, आणि वर लिहिताही यावं लागतं. माझं दोन्हीकडं कच्चं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्याआधी घरात छापील मजकूर यायचा तो कारखान्याच्या उसाच्या पावतीवर, नाहीतर लग्नपत्रिकेवर. त्यात ज्यांच्याविषयी लिहितेय त्या तात्यांना हे समजलं, तर बरं लिहिलंय की वाईट, हे ते विचारणारच नाहीत. विचारतील, "तुला ह्ये लिवायला लावलं कुनी?"

आमचं गाव कऱ्हाडपासून जवळ, कृष्णेच्या काठी. गावच्या चौकात तुम्ही मोटरसायकल लावून चहाला गेलात, की परत येईपर्यंत तिचे आरसे पुसलेले असतात. बाकीची गाडी चिखलानं माखलेली, आरसे मात्र लख्ख. हे काम तात्यांचं. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, आरशावर तोंडानं हाऽ करून वाफ सोडायची, ती वाफ पुसायची आणि आपण काहीच केलं नाही अशा चेहऱ्यानं पुढं जायचं. ट्रॅक्टर असो, टेंपो असो, सरपंचांची गाडी असो. एकदा पोलिसांची गाडी उभी होती, तिचेही पुसले. आत बसलेला हवालदार काच खाली करून म्हणाला, "काय पायजे?" तात्या म्हणाले, "काय न्हाई. तुमचं चालू द्या."

गावानं याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. "मागनं कोन येतंय ते बघतंय म्हातारं," असं सगळे म्हणायचे, आणि हे पटण्यासारखंच होतं. कारण तात्यांचा संशय पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

दूध घ्यायला ते गोठ्यात जातात. धार काढण्याआधी चरवी उपडी करून दाखवायची, मगच म्हशीखाली बसायचं, हा त्यांचा नियम. म्हशीचा मालक वैतागून म्हणाला, "तात्या, आता म्हस उपडी करून दावू का?" तात्यांनी थोडा वेळ विचार केला, असं ऐकून आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यातली एक डॉक्टरांपुढं धरून म्हणाले, "ही तुमी खावा." कऱ्हाडला जायचं तर एसटीच्या कंडक्टरला विचारतात, "कऱ्हाडलाच जाती न्हवं?" मग पुढं जाऊन ड्रायव्हरला वेगळं विचारतात. दोघांचं जुळलं तर चढतात.

आणि काहीही सांगून झालं की शेवटी आवाज खाली आणून म्हणतात, "कुनाला सांगू नगं." हे ते "आज लय ऊन हाय" यानंतरही म्हणतात.

तात्या गुळव्या होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. खाली चुलवाण्या जाळ घालतो, वरची मळी काढली जाते, भेंडीचं पाणी घालून रस स्वच्छ करतात. हे सगळं कुणालाही जमतं. खरी गोष्ट शेवटी असते. पाक कधी उतरवायचा? क्षणभर आधी उतरवला तर काकवी राहते, क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्या वेळी गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि ओळखतो. ही चाचणी. ती साधली तर गूळ बसतो, म्हणजे घट्ट ढेप होते.

चाचणीची वेळ आली की तात्या सगळ्यांकडं पाठ करायचे. टॉवेल डोक्यावर घ्यायचे, कोपरं पसरायचे आणि त्या आडोशात हात हलवायचे. माझे वडील, अण्णा, तात्यांच्या गुऱ्हाळात चुलवाणे होते. कित्येक हंगाम त्यांनी तात्यांची पाठ बघितली. "त्यांच्या पाठीवर तीळ हाय त्यो मला ठावं हाय," अण्णा म्हणतात, "पर चाचणी कशी करत्यात, न्हाई ठावं."

याला कारण होतं म्हणे. तरुणपणी तात्यांनी एका चुलतभावाला चाचणी दाखवली होती. पुढच्या हंगामात त्या भावानं रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, स्वतःचं गुऱ्हाळ टाकलं. तेव्हापासून पाठ.

मध्यंतरी काही वर्षं तात्या गावात नव्हते. ते आफ्रिकेत होते, असं ते सांगायचे. गाव म्हणायचं, "आफ्रिका कुठली! निपाणीला हुता." पुरावा म्हणून तात्यांकडं एकच शब्द होता, "बाडो". कुणी म्हटलं, तात्या जेवलात का, तर "बाडो". म्हणजे अजून नाही. गावातल्या जाणकारांनी तो कानडी ठरवला. "कानडीत नगं म्हनायला बेडा म्हनत्यात. ह्यानं त्याचं बाडो केलं. निपाणीच."

खरं सांगायचं तर मलाही निपाणीच वाटायचं.

मग अर्थशास्त्राच्या सरांनी सेमिनारसाठी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. माझ्या चिठ्ठीवर होतं, "आफ्रिकी देशांच्या आर्थिक विकासात खासगी उद्योजकांचे स्थान." मी नकाशात आफ्रिका शोधली. ती लगेच सापडली, पण त्यापुढं काही सुचेना. सर म्हणाले, "तुमच्याकडचं कुणी गेलेलं असेल तर भेटून बघा. पुस्तकात सगळं नसतं." मी घाबरत तात्यांकडं गेले. ते अंगणात बसून शेंगा फोडत होते आणि प्रत्येक दाणा उजेडात धरून बघत होते.

"तात्या, आफ्रिकेबद्दल जरा इचारायचं हुतं."

"कोन इचारतंय?"

"मीच की."

"तू न्हाई गं. तुज्या मागं कोन हाय?"

मी मागं वळून बघितलं. एक कोंबडी होती.

"कॉलेजचे सर हायत," मी म्हणाले.

"आन् सरांच्या मागं?"

"विद्यापीठ असंल."

"मग आदीच सांगावं की, विद्यापीठानं पाठवलंय." एवढ्या वरून आपली चौकशी होतेय, याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. त्यांनी माझ्यापुढं शेंगा सरकवल्या.

मी वहीतलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. "खासगी उद्योग हे आफ्रिकेच्या विकासाचे इंजिन आहे."

"इंजन व्हतं की. घान्याला. डिझेलचं. सारखं बंद पडायचं."

मी पुढचं वाचलं. त्यात भांडवल होतं, परदेशी मदत होती, धोरण होतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेंडी कुटं हाय ह्यात?"

त्यांचं म्हणणं असं होतं की, भेंडीवाचून रस स्वच्छ होत नाही, रस स्वच्छ नसेल तर गुळाला रंग नाही, आणि गुळाला रंग नाही तर देश वर येत नाही. "नायजेरिया असू दे न्हाईतर आनि कोन असू दे. भेंडी लावा म्हनावं. कुनाला सांगू नगं."

मी ते वहीत लिहून घेतलं. सेमिनारात कसं सांगायचं, हे मात्र कळेना.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सांगलीच्या गूळबाजारातल्या एका शेठजींच्या नातलगाचं केनियात गुऱ्हाळ होतं. मोठ्या सरोवराच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. त्याला गुळव्या हवा होता. तात्या गेले. काही हंगाम चाललं आणि मग त्या शेठनं गाशा गुंडाळला. जवळचा साखर कारखाना आधीच बंद पडलेला. शेतातला ऊस उभा वाळत होता.

"मी बी यायला निघालो हुतो," तात्या म्हणाले. "तर ती आडवी आली."

ती म्हणजे अतियेनो. गुऱ्हाळाच्या दारात मजुरांना पेज विकणारी बाई. तात्या तिला अतीबाई म्हणायचे. तिनं गावातल्या बायकांची भिशी जमवली, शेठची काहिल आणि घाणा विकत घेतला, आणि तात्यांना म्हणाली, तू थांब.

"मला वाटलं, हिच्या मागं कोन तरी हाय. बाईमानूस, पेज इकनारी, आन् काहिल घेती? रोज बारीक नजर ठिवायचो. मागं कोन हाय, कोन हाय." तात्या एक दाणा बराच वेळ उजेडात धरून बसले. "कोनच नव्हतं गं. मागं तिची पोरं हुती, बस्स."

तिनं गुऱ्हाळ चालवलं. आसपासचे लोक वाळायला आलेला ऊस तिच्याकडं आणू लागले. चिपाडं वाळवायला बायका लागल्या, गूळ सायकलवरून बाजारात न्यायला माणसं लागली. तात्यांना सगळ्यांचाच संशय. त्यांच्या भाषेचासुद्धा. "तयार झालं म्हनायला ती लोकं 'तयारी' म्हनत्यात. आता ह्यो शब्द आपला हाय का न्हाई? उचलला. पर मी काय बोललो न्हाई."

"आन् चाचणी? तितं बी पाठ करायचा?"

"मंग काय उघड्यावर करू?" मग ते स्वतःच हसले. "लय बेरकी बाई. मी पाठ करून उभा ऱ्हायचो, तर तिनं माज्या म्होरच्या खांबाला आरसा टांगला. मोडक्या ट्रकचा. मी म्हनलं, ह्यो कशाला? तर म्हनली, केस इंचरायला." तात्यांनी बोटाच्या पेरावर माप दाखवलं. "एवढंसं केस. भादरल्यालं डोस्कं. ती इंचरनार काय?"

"म्हंजी तिला मागनं तुमचं हात दिसायचं?"

"आरशात काय दिसतंय? काहिलीवर वाफ असती. आरसा आंधळा होतोय त्या वाफंत."

"मग तुमी त्यो काढला का न्हाई?"

"कवा काढू? कामात हुतो." आणि त्यांनी एकदम शेंगांचं सूप उचलून आत नेलं.

बाहेर आले तेव्हा ते वेगळेच दिसत होते. सांगायचं की नाही, असं चाललं होतं. शेवटी त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं.

"ह्यात दिसतंय का गं? तिचा गूळ बसतोय का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. काकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, दुखणं निघालं म्हणून ते तिथून घाईनं आले. हंगाम तोंडावर होता. निघताना अतियेनो म्हणाली, आता तरी चाचणी समोरून दाखव. तात्या म्हणाले, "बाडो." आणि गाडीत बसले. इथं आल्यावर थोड्याच दिवसांत काकी गेल्या. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला गुळापेक्षा गुळाचा चहा ठाऊक. इथलं गुऱ्हाळ बंद झालं, काहिल गंजली.

"भिशीच्या बायकांनी विश्वासानं दिल्यालं," तात्या म्हणाले. "मी न्हाई म्हनून काकवीच झाली असंल, तर तिला उबं करत्यात का दारात? पुन्ना पेज इकाय लागली असंल."

"फोन करायचा की."

"केला. नंबर लागत न्हाई. आन् लागला तरी? फोनवर सगळी बरं हाय असंच सांगत्यात. खरं कोन सांगतंय?"

एवढ्या वर्षांत संशयाचा हा एक दाणा त्यांनी कुणालाच दाखवला नव्हता. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "कुनाला सांगू नगं." या वेळी ते खरंच म्हणत होते.

सेमिनार झाला. मी अतियेनोबद्दल सांगितलं, भिशीबद्दल सांगितलं, आणि घाबरून भेंडीबद्दलही सांगून टाकलं. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "भेंडीवर देश!" सरांनी मात्र विचारलं, "मग त्या बाईंचं पुढं काय झालं?" मी तो प्रश्नही वहीत लिहून घेतला.

सेमिनारनंतर विट्याकडची एक मैत्रीण जवळ आली. विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. तिचा मामा त्याच धंद्यात फिरत फिरत थेट केनियाला पोचला होता, आणि त्याच सरोवराकाठच्या शहरात होता. तात्यांकडून मी अतियेनोच्या गावाचं नाव काढून घेतलं. त्यासाठी मला तीन वेळा वेगवेगळ्या पद्धतीनं विचारावं लागलं. मामा म्हणाला, बघतो. मग बरेच महिने काहीच नाही. तात्या चौकात दिसले की विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. मी मान हलवायची. ते जवळच्या मोटरसायकलचा आरसा पुसायचे.

मामा विट्याच्या जत्रेला आला आणि एका सकाळी आमच्या गावात हजर झाला. चौकात चहा पाजून मी त्याला मोटरसायकलसकट तात्यांच्या अंगणाशी आणलं. अण्णाही आले. मामानं पिशवीतून गुळाची एक छोटी ढेप काढली.

तात्या म्हणाले, "ह्यो कऱ्हाडच्या बाजारातला न्हाई कशावरनं?"

मामाही गलाईवाला. वितळवल्याशिवाय सोन्यावर विश्वास न ठेवणारा. तो म्हणाला, "आवं, आदी त्वांडात तर घाला. मग शिव्या द्या."

तात्यांनी ढेपेला नखानं टोकरलं. बोटानं वाजवून ऐकलं. तुकडा मोडून उजेडात धरला, हुंगला, मग जिभेवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. अण्णा तर त्यांना गुळासमोर पहिल्यांदाच समोरून बघत होते.

"बसलाय," तात्या म्हणाले. मग कपाळाला आठी घातली. "पर ह्यात भेंडी न्हाई. दुसरंच काय तरी हाय."

"भेंडी तिकडं बारमाही मिळत न्हाई म्हनली," मामा म्हणाला. "कसल्या तरी झाडाची साल कुटून घालती. तिचं तिनंच शोधलंय."

"साल?" तात्यांचा चेहरा एवढा उतरला की मला वाटलं आता ढेप परत करतात. त्यांनी दुसरा तुकडा तोंडात टाकला. "डोस्कं हाय बाईला," ते पुटपुटले. "कुनाला सांगू नगं."

मग मामानं मोबाइल काढला. तात्यांनी आधी टॉवेलनं त्याची काच पुसली. चित्र हललं आणि एक बाई दिसली. केस अजूनही तेवढेच, आता पांढरे. मागं काहिल उकळत होती. तिच्यासमोर बायका अर्धगोल करून उभ्या होत्या. तिनं थेंब पाण्यात टाकला, हात वर धरला आणि सगळ्यांना दिसेल अशी गोळी वळली. "बाडो," ती म्हणाली. बायका म्हणाल्या, "बाडो." पुन्हा थेंब, पुन्हा "बाडो". मग तिनं गोळी दगडावर मारली, टण् आवाज आला आणि सगळ्या एकदम ओरडल्या, "तयारी!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. निपाणीचा प्रश्न तिथंच मिटला.

"सगळ्यांस्नी दावती?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"सगळ्यांस्नी. त्या रस्त्यानं जावा, पलीकडं, अलीकडं, बायकांची गुऱ्हाळंच गुऱ्हाळं झाल्यात. सगळ्या हिच्याकडंच शिकल्या. कोनाचा ऊस वाळत न्हाई आता तितं. म्हनली, समोरच्या गुऱ्हाळाचं भ्या वाटत न्हाई. समोर गुऱ्हाळ असलं की गिऱ्हाईक रस्ता इसरत न्हाई."

तात्यांनी ढेपेवरून बोट फिरवलं. बहुतेक चुलतभावाच्या, रस्त्यापलीकडच्या त्या जुन्या गुऱ्हाळाचा विचार करत असतील.

"आन् तुमच्यासाठी एक निरोप हाय," मामा म्हणाला. "माफी मागितलीया तिनं. म्हनली, मी चोरून शिकले. आरशात बघून. केस इंचरायचं खोटं सांगितलं. म्हाताऱ्याला कळलं असतं तर त्यो निघून गेला असता, म्हनून कवा बोलले न्हाई."

"हं."

"पर एक गोष्ट तिला अजून समजंना. काहिलीवर एवढी वाफ असायची, आरसा आंधळा व्हायला पायजे हुता. रोज सकाळी ती आरशाकडं बघायची तर त्यो लख्ख. ऐन चाचणीच्या वक्ताला बी लख्ख. तिनं सगळ्या गड्यांस्नी इचारलं. कोन पुसतंय म्हनून. कोनीच हो म्हनलं न्हाई."

 बाहेर मामाची मोटरसायकल उभी होती. तिचे आरसे आम्ही चौकात चहा घेईपर्यंतच कुणीतरी पुसून ठेवले होते.

"काय सांगू तिला?" मामानं विचारलं.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंडावरून फिरवला, जरा वेळ तोंडावरच धरून ठेवला. मग इकडं तिकडं बघून, आवाज खाली आणून म्हणाले,

"कळलं असंल तिला. पर म्हनावं, कुनाला सांगू नगं."